कमी कर्बोदकांची मेलोमाकारोना पाकात का फुटतात?

मेलोमाकारोना ही ग्रीसमधली नाताळची बिस्किटं. मैदा, ऑलिव्ह तेल, संत्र्याचा रस, दालचिनी आणि लवंग यांची लांबट बिस्किटं भाजायची, मधाच्या पाकात बुडवायची आणि वर अक्रोडाची भरड पेरायची. माहेरी कुणी विचारलं तर मी सांगते, नानकटाई बालुशाहीच्या पाकात घातली तर जशी लागेल, जवळपास तशी. मी थेसालोनिकीत राहते. सासूबाईंना मधुमेह निघाला त्या हिवाळ्यात मी मैदा आणि साखर दोन्ही बाजूला ठेवून बदामाच्या पिठाची मेलोमाकारोना केली. पहिला घाणा पाकात सोडला आणि झाऱ्यावर आला तो लगदा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं त्यांनी. मला मात्र फार लागलं. आयुष्यभर दर डिसेंबरला ही बिस्किटं स्वतःच्या हाताने करून गल्लीभर वाटणाऱ्या बाईला मी वाटीत लगदा दिला होता.

त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून हाच बिघाड मी माझ्या स्वयंपाकघरात, नणंदेच्या, शेजारणीच्या आणि व्हिडिओ कॉलवरून पुण्यातल्या धाकट्या बहिणीच्या ओव्हनसमोर दुरुस्त करत आले आहे. सगळ्या जणी आधी पिठाला दोष देतात. नवं पाकीट आणतात, एक अंडं वाढवतात, आणखी महाग पीठ मागवतात. दोष बहुतेक वेळा पिठात नसतो. जुन्या कृतीतल्या सवयी मैद्यातल्या स्टार्चच्या भरवशावर बसलेल्या आहेत. स्टार्च गेला की त्यातल्या निम्म्या सवयी उलट्या फिरवाव्या लागतात, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

आधी लक्षणं

आपला बिघाड यातला कोणता ते नीट बघून घ्या. बऱ्याचदा दोन-तीन एकत्र येतात.

बिस्किट पाकात टाकताच कडा सुटतात, पाक गढूळ होतो, तळाशी बदामाचा गाळ बसतो.

बिस्किट अख्खं राहतं, पण बाहेरून चिकट आणि आतून कोरडं. दाताखाली भुगा.

ट्रेवर प्रत्येक बिस्किटाभोवती तेलाचं वर्तुळ. बिस्किटं पसरून चपटी झालेली.

पहिल्या दिवशी सगळं छान, दुसऱ्या दिवशी वर पांढरे खडे. दातात रेती आल्यासारखं वाटतं आणि जिभेवर पेपरमिंटसारखा गारवा येतो.

तळ करपलेला, मध्य कच्चा.

रंग जांभळट किंवा राखाडी.

आता तपासणी. क्रम मोडू नका. वरच्या गोष्टी फुकट आहेत, खालच्यांना पैसे आणि वेळ दोन्ही लागतं.

गार होऊ द्या

सर्वांत जास्त घाणे मी एवढ्या एका सूचनेवर वाचवले आहेत. मैद्याची मेलोमाकारोना ओव्हनमधून काढली की तशीच गरम गरम गार पाकात जातात. इथल्या प्रत्येक आजीने हेच शिकवलेलं असतं. मैद्याला ते चालतं, कारण भट्टीत फुगलेला स्टार्च गरम असतानाही आकार धरून ठेवतो. बदामाच्या पिठाच्या बिस्किटात असा सांगाडा नसतो. त्याला धरून ठेवतो तो इसबगोलाचा किंवा अंड्याचा चिकटपणा, आणि साखरेऐवजी घातलेलं, गार होताना परत घट्ट होणारं एरिथ्रिटॉल. या दोघांना वेळ लागतो. ओव्हनमधून काढल्यावर पहिली वीस मिनिटं बिस्किट ओल्या वाळूच्या किल्ल्यासारखं असतं, हात लावला तरी ढासळेल.

ट्रेवरून हलवूच नका. अर्धा-पाऊण तास गेला की पातळ उलथनं एका टोकाखाली सरकवा आणि किंचित उचला. दुसरं टोक त्याच्याबरोबर उचललं गेलं तर जाळीवर काढा. मध्ये बारीक भेग उमटली तर सोडून द्या, अजून अर्धा तास. मग जाळीवर रात्रभर, न झाकता. न झाकता म्हणजे खरंच न झाकता, कारण वरचं कवच जरा वाळलं पाहिजे. पाकाशी पहिली गाठ त्या कवचाची पडते.

पाक आणि बिस्किट यांची अदलाबदल

गरम बिस्किट, गार पाक ही जुनी रीत. आपल्याला गार बिस्किट आणि कोमटाहून जरा गरम पाक हवा. बोट बुडवून दोन सेकंद ठेवता येईल इतका. पाक उकळता असेल तर इसबगोलाने धरलेली बांधणी पुन्हा सैल होते, आणि पार गार असेल तर पाक वरच्यावर राहतो, आत शिरत नाही.

आणि बुडवायचं तर नाहीच. मैद्याचं बिस्किट स्पंजासारखं पाक पितं म्हणून त्याला पाकात पोहू देतात. बदामाचं पीठ आधीच तेलकट असतं, ते पाक फारसा पीत नाही. जास्त वेळ ठेवलं की पाक आत जाण्याऐवजी बांधणी बाहेर येते. मी जाळीखाली ताट ठेवते, बिस्किटं जाळीवर मांडते आणि चमच्याने पाक सोडते. प्रत्येकावर एक चमचा, दहा मिनिटांनी परत एक चमचा, मग उलटून तिसरा. ताटात गळालेला पाक पुन्हा वापरायचा. आतून कोरडं राहण्याची तक्रारही याच तीन चमच्यांत मिटते, कारण मधल्या दहा-दहा मिनिटांत पहिला चमचा आत मुरायला सवड मिळते.

मेलोमाकारोनांवर किसणीवर दाबून किंवा काट्याने नक्षी काढतात. ती नुसती शोभेची नाही, खाचांत पाक आणि अक्रोड थांबतात. फक्त बदामाच्या पिठात काटा खोल दाबू नका. तीच खाच पुढे भेग होते.

पाकातली रेती

इथे जरा थांबते, कारण आपण मराठी बायका नेमक्या इथेच चुकतो, आणि तेसुद्धा आपल्याला पाक उत्तम येतो म्हणून.

माझी बहीण गुलाबजामांचा पाक डोळे मिटून करते. तिचा फोन आला, "ताई, अख्खं लिंबू पिळलं तरी पाकात खडे झाले गं." साखरेच्या पाकात लिंबू पिळलं की आंबटामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये सुटतो. हे दोन्ही मध्ये लुडबुडतात आणि साखरेला खडे धरू देत नाहीत. एरिथ्रिटॉलमध्ये सुटण्यासारखं काही नसतं. तो एकच छोटा रेणू आहे. लिंबाने पाक आंबट होईल, बाकी काही होणार नाही.

खरं कारण विरघळण्याचं आहे. घरातल्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर मावते. एरिथ्रिटॉल मात्र ६० ग्रॅमच्या आसपास. ग्रीक पाकात पाण्याच्या दीडपट ते दुप्पट साखर असते. त्याच मापाने एरिथ्रिटॉल घातलं तर उकळताना ते सगळं विरघळलेलं दिसतं, गार झालं की जादा भाग खडे होऊन बाहेर पडतो. पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं तर आणखी. जिभेवरचा गारवाही त्याचाच. एरिथ्रिटॉलचा खडा तोंडात विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. खडे गेले की गारवाही बराचसा जातो.

म्हणून तार बघू नका. हे सांगताना मला माझ्या आईची आठवण येते, बोटांमध्ये पाक धरून ती तार मोजायची. एरिथ्रिटॉलच्या पाकाला तार येत नाही. तार येईल म्हणून तुम्ही उकळत राहता, पाणी उडत जातं आणि उद्याच्या खड्यांची सोय होते. माझा पाक असा: पाणी २०० मिली, एरिथ्रिटॉल ८० ग्रॅम, दालचिनीचा एक तुकडा, संत्र्याच्या सालीची एक पट्टी, दोन लवंगा. पातेलं आधी वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या. उकळी आली की पाच मिनिटं मंद आच, मग पुन्हा वजन करा आणि जेवढं घटलं तेवढं गरम पाणी वरून घाला. पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने आत ढकला, कारण एक न विरघळलेला दाणा बाकीच्यांना खडे धरायला शिकवतो. हे मात्र साखरेच्या पाकासारखंच आहे.

एवढ्याने पाक पाण्यासारखा पातळ राहतो. त्याला झँथन गम, म्हणजे पाक दाट करणारी पूड, छोट्या चमच्याचा आठवा भाग. तो सरळ पाकात टाकला तर गाठी होतात, म्हणून कोरड्या एरिथ्रिटॉलमध्येच आधी मिसळून ठेवा. गोडी कमी वाटली तर स्टीव्हियाचे दोन-चार थेंब. एरिथ्रिटॉल साखरेच्या ६० ते ७० टक्केच गोड असतं, आणि ती उणीव आणखी एरिथ्रिटॉल ओतून भरायला गेलात की परत रेती.

आणि मध. मेलोमाकारोना या नावातलं 'मेली' म्हणजेच मध, आणि मधाशिवाय ती मला मेलोमाकारोना वाटत नाहीत. मोठ्या चमचाभर मधात साधारण १७ ग्रॅम कर्बोदकं असतात. तो एक चमचा, आच बंद केल्यावर, २४ बिस्किटांच्या पाकात घातला तर प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण ग्रॅमही येत नाही, सुगंध मात्र सगळ्या घाण्याला येतो. थाइमच्या फुलांचा मध इथे मिळतो, त्याचा वास इतका तेज असतो की चमचाभर पुरतो. नुसत्या कृत्रिम मधाच्या अर्कापेक्षा मी हा चमचा कधीही पत्करेन. तुमच्या घरी तेवढंही चालत नसेल तर डॉक्टरांचं ऐका, माझं नको.

अमेरिकेतल्या मैत्रिणी ॲल्युलोज हा साखरेचा दुसरा पर्याय वापरतात. ते पाण्यात भरपूर विरघळतं, खडे धरत नाही, पाकासाठी एरिथ्रिटॉलपेक्षा सरस आहे. मला इथल्या दुकानात मिळत नाही. मिळत असेल तर पाकात जरूर घ्या, पण बिस्किटाच्या पिठात जपून. ते लवकर तांबूस होतं आणि बिस्किट मऊच राहतं.

पीठ आणि तेल

इथपर्यंत सगळं केलं आणि तरीही ट्रेवर तेलाची वर्तुळं दिसतात, तर आता पिठाकडे वळा.

अर्धा किलो मैद्याला इथल्या घरांत साधारण पाव लिटर ऑलिव्ह तेल जातं. बदामाच्या पिठात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल मुळातच असतं. त्यावर जुन्या मापाने तेल ओतलं की ते जाणार कुठे? ३०० ग्रॅम बदामाच्या पिठाला मी ५० ते ६० मिली तेल घालते, एवढंच. ऑलिव्हचा वास यायला तेवढं पुरतं.

मुठीची परीक्षा करा. लिंबाएवढा गोळा घेऊन तीनदा घट्ट दाबा आणि मूठ उघडा. तळहात नुसता मऊसर झाला तर ठीक. हाताच्या रेषांमधून तेल चमकायला लागलं, तर गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मोठा चमचाभर खोबऱ्याचं पीठ मिसळा. मिसळताना मळू नका, बोटांच्या टोकांनी गोळा करा. हाताच्या उबेने बदामाचं तेल आणखी सुटतं. मैद्याच्या मेलोमाकारोनांनाही मळायचं नसतंच, तिथे ग्लूटेन ताणलं जाऊन तेल बाहेर पडतं. कारण वेगळं, सल्ला एकच. जुन्या कृतीतली ही एक सवय जशीच्या तशी चालते.

पीठ कोणतं तेही बघा. साल काढलेल्या बदामाचं, रव्याहून बारीक पीठ लागतं. सालीसकट दळलेली भरड असेल तर ती एकमेकांना धरत नाही, कितीही इसबगोल घातलं तरी कडा सुटतात. घरी दळणार असाल तर बदाम रात्री भिजवून सोला, पूर्ण वाळवा, तासभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मिक्सर थांबत थांबत चालवा. सलग फिरवलात की पिठाचं बदाम बटर होतं. मग चाळा, वर राहिलेलं पुन्हा दळा.

आता 'ओसो पारी'. ग्रीक आज्यांच्या वहीत पिठाचं माप बहुतेकदा असंच लिहिलेलं असतं, म्हणजे मावेल तेवढं. बाकीची मापं पाण्याच्या ग्लासाने आणि कॉफीच्या कपाने. आपल्या आज्याही भाकरीचं, चकलीचं पीठ असंच सांगतात आणि त्यांचं चुकत नाही, कारण हाताला लगेच कळतं. खोबऱ्याच्या पिठाबाबत हाताला लगेच कळत नाही. ते वीस मिनिटं पाणी पीत राहतं. गोळा सैल वाटला म्हणून तुम्ही आणखी दोन चमचे घातलेत की अर्ध्या तासाने त्याला भेगा पडलेल्या असतात, आणि त्याच भेगांतून बिस्किट पाकात फुटतं. मला ही गोष्ट कळायला तीन डिसेंबर लागले. आता वजनकाट्याशिवाय मी हे पीठ भिजवत नाही.

माझं माप, २४ बिस्किटांचं: बदामाचं पीठ ३०० ग्रॅम, खोबऱ्याचं पीठ ३० ग्रॅम, इसबगोलाची पूड १२ ग्रॅम, एरिथ्रिटॉल ७० ग्रॅम मिक्सरमधून पिठीसाखरेसारखं बारीक करून, ऑलिव्ह तेल ५५ मिली, संत्र्याचा ताजा रस ८० मिली, एका संत्र्याच्या सालीचा कीस, कोन्याक (ब्रँडी) एक मोठा चमचा, दालचिनीची पूड दोन छोटे चमचे, लवंगेची पूड पाव छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ. वरून ५० ग्रॅम अक्रोड. मधाचा तो चमचा धरून एका बिस्किटात अडीच ते तीन ग्रॅम पचणारी कर्बोदकं होतात.

लवंग जुन्या कृतीपेक्षा मी मुद्दाम निम्मी केली आहे. लवंगेने जीभ किंचित बधिर होते आणि एरिथ्रिटॉलने गार पडते. दोन्ही एकत्र आलं की बिस्किट दातदुखीच्या औषधासारखं लागतं. मसाला मी शहरातल्या कापानी बाजारातून अख्खा आणते आणि त्याच दिवशी कुटते. दालचिनी ताजी असली की लवंगेची उणीव जाणवत नाही.

बांधणी

इसबगोल की अंडं? अंडं सोपं आहे. रस ३० मिलीवर आणा, एक अंडं घाला, बिस्किट सहसा फुटणार नाही. पण मूळ मेलोमाकारोनांत अंडं नसतं, लोणीही नसतं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा नाताळचा उपवास १५ नोव्हेंबरपासून चालतो आणि त्यात अंडी-दूध वर्ज्य, मध मात्र चालतो. म्हणूनच तर ही बिस्किटं तेलाची आहेत. सासूबाई उपवास पाळतात, त्यामुळे आमच्या घरी अंड्याचा प्रश्नच नव्हता. मग इसबगोल. ते भारतातूनच जगभर जातं, आणि गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारात ज्याचे ढीग लागतात तेच इथे औषधांच्या दुकानातून पाकिटात विकत घ्यावं लागतं. तुम्हाला ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल.

भुशी असेल तर मिक्सरमध्ये पूड करा. नुसती भुशी धाग्यासारखी लागते. आधी कोरड्या पिठात नीट मिसळा, मग रस घाला, नाहीतर बेडकाच्या अंड्यांसारख्या गाठी होतात. रस घातल्यावर गोळा तीस मिनिटं झाकून ठेवा. ही तीस मिनिटं वगळली तर बांधणी होतच नाही. इसबगोल पाणी पिऊन फुगल्यावरच चिकट होतं, त्याआधी ओव्हनमध्ये गेलं तर कोरडंच भाजलं जातं आणि बिस्किट भुसभुशीत राहतं.

जांभळट रंग येतो तो काही ब्रँडच्या इसबगोलामुळे. त्याने अपाय नाही. ब्रँड बदला, तोवर दालचिनी अर्धा चमचा वाढवा.

ओव्हन

ओव्हनवर शेवटी यायचं, कारण इथे पैसे लागतात. सुरुवात तरीही एका स्वस्त वस्तूने: ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर. बाहेरचं बटण १५० म्हणत असताना आत १८० असू शकतं. मैदा ते सोसतो, बदाम सोसत नाही. बदामाचं पीठ लवकर तांबूस होतं आणि सोड्यामुळे आणखी लवकर, म्हणून रंग बघून बाहेर काढलंत तर आत कच्चं असतं. एरिथ्रिटॉल स्वतः साखरेसारखं तांबूस होत नाही, त्यामुळे नेहमीच्या बिस्किटांवरून बसलेला रंगाचा अंदाज इथे दोन्ही बाजूंनी चुकतो.

पंखा बंद, वरची-खालची दोन्ही आच, १५० ते १५५ अंश, मधला कप्पा, २५ ते २८ मिनिटं. कडा घट्ट लागल्या आणि मध्यावर बोट हलकं दाबून खळगा राहिला नाही की काढा. तळ करपत असेल तर एकात एक दोन ट्रे ठेवा, वर बटर पेपर. बहिणीच्या छोट्या ओटीजीत खालची सळई ट्रेच्या इतकी जवळ आहे की दोन ट्रेनेच तिचा प्रश्न सुटला. तिने तोवर तीन पाकिटं बदामाचं पीठ बदललं होतं.

इथे थांबा

अर्धा तास तापवल्यावरही थर्मामीटर आणि बटण यांत २५ अंशांहून जास्त फरक राहत असेल, एक सळई लाल होत नसेल, ओव्हन लावला की मेनचं बटण पडत असेल, बाहेरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा जळक्या वायरचा वास येत असेल, तर प्लग काढा आणि ओव्हन दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. थर्मोस्टॅट स्वतः उघडू नका. गॅसचा ओव्हन असेल आणि गॅसचा वास आला, तर नळ बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि गॅसवाल्यांना बाहेर जाऊन फोन.

बांधणी, पाक, ओव्हन तिन्ही नीट असताना लागोपाठ दोन घाणे फुटले तर तिसरा लावू नका. बदाम महाग आहेत. उरलेल्या गोळ्याची चार बिस्किटं भाजा, दोन पाकाशिवाय तशीच खा. पाकाशिवायही भुगा होत असेल तर पिठाच्या पाकिटातच खोट आहे, ते बदला.

मुस्तोकुलुरा, म्हणजे द्राक्षाच्या रसाची मसालेदार बिस्किटं, कमी कर्बोदकांत करायच्या भानगडीत मी पडत नाही. त्यातला आटवलेला द्राक्षरस हीच त्यांची चव आहे आणि तो जवळपास सगळा साखरच आहे. कुराबिएदेस, म्हणजे वर पिठीसाखर भुरभुरवलेली लोण्याची बिस्किटं, मात्र चांगली होतात. त्यांना पाक नाही, म्हणून हा बिघाडही नाही. वर पिठीसाखरेऐवजी एरिथ्रिटॉलची पूड, तीही खायच्या आधी भुरभुरवायची.

आता प्रकृतीचं. घरातलं माणूस इन्सुलिनवर असेल किंवा ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी घेत असेल, तर एकदम कर्बोदकं तोडल्याने साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गोळीचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील, तुम्ही किंवा मी नाही. हृदयविकार असेल तर एरिथ्रिटॉलबद्दलही विचारा. २०२३ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात रक्तात ते जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त दिसले. ते त्यामुळेच झाले असं त्यातून सिद्ध होत नाही, पण डॉक्टरांना विचारून घेण्याइतकी गोष्ट ती नक्की आहे. एका बैठकीत पाच-सहा बिस्किटं खाल्ली तर पोट गुडगुडतं, कुणाकुणाला जुलाबही होतात, आणि बदाम-अक्रोडाची ॲलर्जी असलेल्या पाहुण्याला ताट पुढे करण्याआधी सांगा. एरिथ्रिटॉलऐवजी झायलिटॉल वापरत असाल तर घरातल्या कुत्र्याला त्याचा कणही मिळू देऊ नका. कुत्र्याची साखर झपाट्याने उतरते, यकृत निकामी होऊ शकतं. चुकून खाल्लं तर वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

आमच्याकडे सासूबाई कॉफीबरोबर दोन घेतात. आधी एकदा आणि दोन तासांनी एकदा बोटाला सुई टोचून साखर बघतात आणि दोन्ही आकडे फ्रिजवर लावलेल्या कागदावर लिहितात. गेल्या डिसेंबरात पहिलं ताट शेजारी द्यायला त्या स्वतः घेऊन गेल्या.